एकोणचाळीस मिनिटं

आमचे सासरे नागपूरला पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले, त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. तरी अजून सकाळी साडेनऊला ते शर्ट खोचून बाहेरच्या खोलीत बसतात आणि दारातून कोणीही आत आलं की आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात, मग माणसाकडे. मागल्या हिवाळ्यात ते चार दिवसांसाठी मुंबईला आले. मी त्यांना घ्यायला दादर स्टेशनवर पोचलो तेव्हा ते फलाटावर बॅगेवर बसून होते. मी वाकून नमस्कार केला. त्यांनी मनगटावरचं एचएमटी माझ्यासमोर धरलं.

"चाळीस मिनिटं," ते म्हणाले. आशीर्वाद त्यानंतर.

"जरा ट्रॅफिक लागलं."

"पहाटे सहाला कायचं ट्रॅफिक जी?"

याला उत्तर नव्हतं. खरं कारण असं की मी गजर बंद करून पुन्हा झोपलो होतो. पण जावयानं सासऱ्याला झोपेचं कारण सांगायचं नसतं, हे मला लग्नाच्या पहिल्या दिवाळसणातच कळलं आहे.

सासऱ्यांना मुंबई बघायची होती. मुंबईत तीस वर्षं काढलेल्या माणसाला मुंबईची जी माहिती असते ती अशी: कोणत्या डब्यातून उतरलं की जिना बरोबर समोर येतो, पाऊस किती पडला की कोणत्या स्टेशनात पाणी भरतं आणि चौथ्या सीटवर किती टेकता येतं. या भांडवलावर मी गाइड झालो. पहिल्याच दिवशी काळा घोडा आला आणि भांडवल बुडालं.

चौकात काळा घोडा उभा आहे. पाठ मोकळी. सासऱ्यांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली.

"जावईबापू, याच्यावरचा माणूस कुठं गेला?"

"नाही, तो... घोडाच आहे फक्त."

"मंग नाव घोड्याचं का पडलं? मालक कोण?"

मी म्हणालो, बघून सांगतो. पोस्टमास्तरांना 'बघून सांगतो' या वाक्याचा अर्थ बरोबर कळतो. त्यांनी ते स्वतः पस्तीस वर्षं काउंटरमागून वापरलेलं आहे. त्या रात्री मी निमूटपणे वाचायला बसलो. गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचें वर्णन' १८६३ सालचं. ते घरात होतं, आणि लग्नात आलेल्या लेमन सेटसारखं एकदाही न वापरता होतं. मग इकडचं तिकडचं आणखी काही चाळलं. दोन वाजता झोपलो तेव्हा एवढं ध्यानात आलं होतं की या शहरात वेळेवर काहीच झालेलं नाही. मला बरं वाटलं. घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी गेट वे ऑफ इंडिया. इथं मी तयारीनिशी होतो.

"राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी १९११ च्या डिसेंबरात इथं उतरले. त्याच्या स्मरणार्थ हे बांधलं."

"म्हणजे राजा या कमानीतून आला."

"नाही. तेव्हा ही नव्हती. तात्पुरता मांडव उभा केला होता. कोनशिला १९१३ ला बसली आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला."

"पाहुणा जेवून, हात धुऊन, घरी जाऊन तेरा वर्षं झाली, आन मंग तोरण बांधलं?"

"हो. आणि समोर एक सरळ मोठा रस्ता करायचा होता, तो पैसे संपल्यामुळे झालाच नाही. म्हणून ही कमान रस्त्याला अशी तिरकी उभी आहे. पुढं १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटची इंग्रज पलटण याच कमानीतून बाहेर पडली."

सासरे थोडा वेळ कमानीकडे बघत राहिले. "यायला उपयोग नाही झाला, जायला झाला," ते म्हणाले. एवढ्या एका वाक्यात त्यांनी वसाहतवादाचा निकाल लावला आणि खारे शेंगदाणे घेतले.

कठड्यावर बसून मी त्यांना आंदणाची गोष्ट सांगितली. सांगावी की नाही असा विचार आला होता, कारण गोष्ट जावयाची आहे आणि ऐकणारा सासरा होता. पण ती शाळेच्या पुस्तकात अर्धीच असते. १६६१ साली इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा करार झाला आणि त्यात मुंबई बेट वरपक्षाला द्यायचं ठरलं, इथवर सगळ्यांना पाठ असतं. बेट नेमकं कुठं आहे याचा लंडनला नीट पत्ताच नव्हता. तिथल्या एका बड्या मंत्र्याची समजूत ते ब्राझीलजवळ आहे अशी होती, असं सांगतात.

"पत्ता अपुरा," सासरे म्हणाले.

तर राजानं अब्राहम शिपमन नावाच्या सरदाराला चारेकशे शिपाई देऊन बेटाचा ताबा घ्यायला धाडलं. त्याच ताफ्यातून गोव्याचा नवा पोर्तुगीज व्हाइसरॉयही आला. म्हणजे वधूपक्षाचा कारभारी वरपक्षाच्याच गलबतातून, त्यांचंच जेवत, सगळा समुद्र ओलांडून आला. इकडं पोचल्यावर त्यानं कागद उलटेपालटे केले आणि सांगितलं, तुमची अधिकारपत्रं रीतसर नाहीत, बेट मिळणार नाही.

मला वाटलं सासरे हसतील. ते ताठ बसले.

"बरोबरच केलं त्यानं. सही-शिक्का जुळत नसंल तर मनीऑर्डर द्यायचीच नसते. मंग समोर राजा का असेना."

वरात परत जाईना आणि मंडपात कोणी घेईना. शिपमन आपले शिपाई घेऊन कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसला. आज कागद येईल, उद्या येईल. ताप, हगवण आणि पाऊस यांनी माणसं झिजत गेली. १६६४ साली खुद्द शिपमन तिथंच वारला. त्याचा चिटणीस हम्फ्री कूक यानं १६६५ च्या फेब्रुवारीत एकदाचा ताबा घेतला तेव्हा बरोबर जेमतेम शंभर माणसं उरली होती. इथं हसू येत नाही. एका लग्नाच्या याद्यांवर सही कोणाची यात तीनशे माणसं मेली आणि त्यांच्यातल्या एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही.

बरं, इतकं होऊन राजाला आंदण आवडलं का? तीन वर्षांत त्यानं ते ईस्ट इंडिया कंपनीला भाड्यानं देऊन टाकलं. वर्षाला १० पौंड.

"सगळी मुंबई?"

"सगळी मुंबई. दर ३० सप्टेंबरला, सोन्याच्या नाण्यात."

आमच्या सोसायटीत स्कूटर उभी करायचं भाडं याहून जास्त आहे. भाडेकरूनं जागा घ्यायची, हळूहळू पोटमाळा काढायचा, गॅलरी आत घ्यायची आणि शेवटी घरमालकालाच 'आपण कोण?' विचारायचं, ही मुंबईची रीत कंपनीनंच घालून दिली असावी. सासऱ्यांना मात्र वेगळंच लागलं होतं. परतताना टॅक्सीत ते म्हणाले, "आम्ही तुम्हाला गोदरेजचं कपाट दिलं होतं. ते वेळेवर पोचलं होतं ना?" मी म्हणालो, पोचलं होतं. आरशासकट पोचलं होतं.

दुपारी फोर्टातल्या एका इराण्याकडे बसलो. मी लिंबू सरबत मागवलं, सासऱ्यांनी 'बिनबर्फाचं' असं तीनदा बजावलं. बर्फानं सर्दी होते, हे त्यांचं आयुष्यभराचं मत. या मताला मुंबईच्या इतिहासात भक्कम आधार आहे, ही बातमी मी त्यांना दिली आणि त्या चार दिवसांत त्यांनी माझ्याकडे प्रथमच कौतुकानं पाहिलं.

१८३४ च्या सुमाराला मुंबईत अमेरिकेहून बर्फ येऊ लागला. बोस्टनकडच्या गोठलेल्या तळ्यांतल्या लाद्या कापायच्या, भुशात गच्च बांधायच्या, जहाजात भरायच्या आणि आफ्रिकेला वळसा घालून दोनदा विषुववृत्त ओलांडत इकडं आणायच्या. निम्मा वाटेत वितळे, निम्मा पोचे, आणि त्या निम्म्यावरही व्यापाऱ्याला नफा होई. फोर्टातल्या आमच्या हापिसाचा पाण्याचा कूलर मार्चमध्ये बंद पडला की जूनपर्यंत थंड पाणी मिळत नाही; तेव्हा मला ही गोष्ट आठवून भरून येतं. तर त्या नवलाईच्या दिवसांत शेठ जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानी दिली आणि पाहुण्यांपुढे चक्क आइस्क्रीम ठेवलं. पाहुण्यांनी खाल्लं, शेठजींनीही खाल्लं. दुसऱ्या दिवशी यजमानासकट सगळे शिंकत होते. 'मुंबई समाचार'नं ती बातमी दिली आणि परदेशी पदार्थ खाल्ल्यावर दुसरं काय होणार, अशा अर्थाची टिप्पणीही जोडली.

"पेपर असावा तर असा," सासरे म्हणाले आणि कोमट सरबत समाधानानं प्यायले.

बाहेर पडलो तर पायरीवर तीन कुत्री आडवी झोपलेली. सासरे दचकून मागं सरले. पोस्टाच्या नोकरीत माणसाचं दोन गोष्टींशी कायमचं वैर होतं, एक अपुरं तिकीट आणि दुसरं कुत्रं. मी त्यांना धीर द्यायला १८३२ ची हकिकत काढली. हे मी करायला नको होतं.

त्या काळी उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची सरकारी मोहीम निघे आणि शिपायाला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आठ आणे म्हटल्यावर मोकाट कुठलं आणि पाळलेलं कुठलं हे बघतो कोण? शिपाई अंगणात, ओट्यावर, घरातसुद्धा शिरू लागले. ६ जूनला पारशांचा सण होता. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान, अगदी अंत्यविधीतही त्याचं काम असतं. सणाच्या दिवशी दारातलं कुत्रं मारलेलं पाहून लोक खवळले आणि शिपायांना चोप बसला. दुसऱ्या दिवशी पारशांच्या जोडीला हिंदू, जैन, मुसलमान सगळे उभे राहिले आणि बाजार कडकडीत बंद झाला. कुलाब्याच्या पलटणींकडे जाणारा पाव-मटणाचा पुरवठाही लोकांनी वाटेत अडवला. म्हणजे मुंबईतल्या पहिल्या मोठ्या बंदचं कारण ना भाषा, ना महागाई, ना गिरणी. कुत्री! आणि त्या बंदनं ज्या साम्राज्याला हात घातला ते साम्राज्य न्याहारीवाचून उपाशी बसलं. पुढं दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजींच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरापोळ निघाली. ती अजून आहे.

"आठ आणे?" सासरे म्हणाले. "१८३२ चे आठ आणे? आमच्या सीताबर्डीच्या पोस्टमनला एकच कुत्रं सात डाव चावलं. आम्ही ते फुकट दिलं असतं."

पायरीवरच्या एकानं डोळा उघडून त्यांच्याकडे पाहिलं. आम्ही पुढं निघालो.

तिसरा दिवस राणीबागेचा. भायखळ्याला उतरलो. सासऱ्यांना पेंग्विन बघायचे नव्हते; पेंग्विन चालताना पाहून त्यांना आपल्या हेडक्लार्कची आठवण येते म्हणे. मला त्यांना घोड्याचा मालक दाखवायचा होता. काळ्या घोड्यावर मुळात इंग्लंडचा युवराज बसलेला होता, पुढं जो सातवा एडवर्ड झाला तो. अल्बर्ट ससून यांनी तो पुतळा १८७९ साली शहराला भेट दिला. युवराजाला लोकांनी ओळखलंच नाही. राजघराण्यातला माणूस वर बसलेला असताना चौकाला नाव खालच्या जनावराचं पडलं. १९६५ साली पुतळा तिथून हलवून राणीबागेत आणला. घोडा गेला, स्वार गेला, नाव तिथंच राहिलं. २०१७ साली त्या चौकात नवा घोडा आला, बिनस्वाराचा.

सासऱ्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हिशेब केला. "म्हणजे असं म्हणा की बदली झाली, जागा बावन्न वर्षं खाली राहिली, आन मंग भरती केली ती बी अर्धीच."

"अगदी."

"सरकारी काम आहे. ओळखलं मी."

तिथंच बागेला लागून भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. जवळ जाऊन पाहिलं तर त्याच्या अंगभर सांधे दिसतात. पाय एका तुकड्याचा, पोट दुसऱ्या, सोंड तिसऱ्या. हा घारापुरीचा हत्ती. पोर्तुगीज त्या बेटावर उतरले तेव्हा हा धक्क्याजवळ उभा होता, आणि त्याला बघून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४ साली इंग्रजांच्या मनात आलं की हा विलायतेला न्यावा. क्रेन लावली. हत्ती उचलला. क्रेन मोडली आणि हत्ती खाली आला. इतकी शतकं ज्यानं समुद्राची खारी हवा, पाऊस आणि पोर्तुगीज सहन केले त्याचे एका दुपारी तुकडे झाले. ते गोळा करून मुंबईत आणले, आणि १९१४ साली, म्हणजे पन्नास वर्षांनी, जोडून त्याला परत उभा केला.

सासरे वाकून एका सांध्यावरून बोट फिरवत होते. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "पार्सल फुटलं."

"हो."

"फुटलेलं पार्सल पाठवणाऱ्याकडं परत करतात. घारापुरीला का नाही केलं?"

यावर मी 'बघून सांगतो' सुद्धा म्हणालो नाही. प्रश्न बरोबर आहे, आणि तो त्या हत्तीच्या वतीनं एका निवृत्त पोस्टमास्तरानं विचारावा हेही बरोबर आहे.

येताना वाकडी वाट करून भाऊच्या धक्क्यावर गेलो. बोंबील, बर्फाचा चुरा, रेवसच्या लाँचची घाई, कोळणींचा आवाज. सासऱ्यांनी नाकाला रुमाल लावला. तरी प्रश्न विचारलाच, भाऊ कोण? भाऊ म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. पाठारे प्रभू, कुलाब्याला तोफांच्या गाड्यांच्या कारखान्यात कारकून. कोकणातून येणारे लोक गुडघाभर चिखलातून चालत किनाऱ्याला लागत. भाऊंनी भराव घालून १८४१ साली धक्का बांधला. रुमाल खाली आला. "कारकून होते?" त्यांनी पुन्हा विचारलं. राणीचा मुलगा, राणीबाग असं सगळं पाहून झालं होतं. आता एका कारकुनाचं नाव दोन शतकांच्या घरात येऊनही लाँचवाला मोठ्यानं ओरडत होता. सासऱ्यांनी तिथून निघताना धक्क्याकडे पाहून हात जोडले. मासळीच्या वासात!

शेवटचा दिवस. गाडी संध्याकाळची होती, म्हणून ओव्हल मैदानाकडे नेलं. समोर राजाबाई टॉवर. २८० फूट उंच, १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि आईचं नाव द्यायला सांगितलं. हा पैसा कापसाचा. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि मँचेस्टरच्या गिरण्या मुंबईकडे तोंड करून बसल्या, तेव्हा लोकांनी गाद्या-उशा उसवून आतला जुना कापूस विकला म्हणे. १८६५ साली तिकडं युद्ध संपलं आणि इकडं शेअर कोसळले. प्रेमचंदशेठही बुडाले, पण टॉवरची देणगी आधीच देऊन झाली होती. आई जैन, सूर्यास्ताआधी जेवण उरकायचं, आणि डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून तास ऐकू यावेत अशी व्यवस्था केली, अशी आख्यायिका आहे.

सासऱ्यांनी सवयीनं एचएमटी टॉवरशी ताडून पाहिलं. आणि मी राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता काढला.

"या शहराची वेळच वेगळी होती. मुंबई वेळ. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढं. रेल्वे आणि तार मद्रास वेळेवर चालत, शहर मुंबई वेळेवर. १८८१ साली गव्हर्नर फर्ग्युसननं सरकारी कचेऱ्यांत मद्रास वेळ लावली, लोकांनी इतका गोंधळ केला की ती मागं घ्यावी लागली. १९०६ साली सगळ्या देशाला एक वेळ दिली, साडेपाच तासांची. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनी काम बंद ठेवलं, दगड फेकले. अंधारात उठायचं कोणी? नगरपालिकेनं आपली घड्याळं जुन्याच वेळेवर ठेवली. स्टेशनात एक वेळ, बाजारात दुसरी. एखाद्यानं पाच वाजता भेटतो म्हटलं की 'कुठले पाच?' विचारावं लागे. आणि हे १९५५ पर्यंत चाललं!"

"फरक किती?"

"एकोणचाळीस मिनिटं. मुंबई भारताच्या एकोणचाळीस मिनिटं मागं." मी जरा थांबलो. "दादरला मी तुमच्या घड्याळानं चाळीस मिनिटं उशिरा आलो. मुंबई वेळेनं पाहिलं तर एकच मिनिट."

सासरे टॉवरकडे बघत होते. मैदानात कोणीतरी बोल्ड झाला आणि आरडाओरडा झाला. "तार मद्रास वेळेवर होती म्हणालात ना?" त्यांनी विचारलं. हो म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. खात्याची इज्जत राखली गेली होती. माझ्या एका मिनिटाबद्दल ते काहीच बोलले नाहीत आणि मला वाटलं, चार दिवसांत पहिला डाव मी जिंकला.

स्टेशनवर आम्ही गाडीच्या दीड तास आधी पोचलो. तो त्यांचा आग्रह.

पुढच्या आठवड्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं. ते अजून पोस्टकार्डच लिहितात, आणि वरच्या कोपऱ्यात तारखेबरोबर वेळही घालतात. 'सकाळी १०.०५' असं होतं. खाली मोत्यासारख्या अक्षरात:

'चि. जावईबापूंस अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचलो. गाडी वेळेवर होती. आपण सांगितलेली हकिकत इथं चार लोकांना सांगितली, सर्वांस आवडली. मुंबईनं आपली घड्याळं १९५५ साली पुढं केली, असं आपणच म्हणालात. त्याला आता सत्तर वर्षं होत आली. आपल्याकडील गजराचं घड्याळ बदलण्यासाठी शंभर रुपयांची मनीऑर्डर वेगळी पाठवत आहे. सही नीट करावी, नाहीतर मिळणार नाही. कळावे.'